सी शिफ्टचा डबा

कोक ओव्हनची बॅटरी, म्हणजे भट्ट्यांची रांग, एकदा तापवली की तिच्या आयुष्यभर ती गार होऊ द्यायची नसते. आतल्या सिलिका विटा उष्णतेने फुगून एकमेकींत घट्ट बसलेल्या असतात. तापमान फार उतरलं तर त्या आकसतात, तडकतात आणि सगळी बॅटरी निकामी होऊ शकते. झोतभट्टीचं थोडंफार तसंच. दुरुस्तीसाठी ती ठरवून थांबवता येते, पण उद्या सगळे सहलीला चाललोत म्हणून नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात हिवाळी पिकनिकचा विचार या विटांपासूनच सुरू करावा लागतो. ‘आमचं अख्खं खातं’ हे शब्द इथे फक्त हजेरीपटावर खरे असतात. कुठल्याही घटकेला खात्यातले काही जण भट्टीपुढे, काही घरी झोपलेले आणि काही सायकल-स्कूटर काढून गेटकडे निघालेले असतात.

तरीही थंडी पडली की वर्गणी निघते, बस ठरते, आचाऱ्याला फोन जातो. मनुष्यबळ विभागातली मंडळी याला ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात, कामगार पिकनिक म्हणतात, आणि गोंदिया-भंडारा-अमरावतीकडून आलेल्या घरांतली जुनी माणसं नुसतं ‘पार्टी’ म्हणतात. नाव काहीही असो, ठरवणाऱ्यांच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, कुठे जायचं. दुसरा, खेळ कोणते घ्यायचे. कोण येऊ शकणार नाही, हा प्रश्न निघालाच तर शेवटी, चहा संपल्यावर. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. या लेखात बाकी जे काही येईल ते या एका मुद्द्याच्या अवतीभवतीच आहे.

आधी कॅलेंडर. भिलाईचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात मैदानाचा भरवसा नसतो. राहिला हिवाळा, पण तोही दिसतो तेवढा मोकळा नाही. दिवाळीनंतर लगेच छठ येते आणि बिहार-पूर्वांचलचे सहकारी रजेवर असतात. त्याच सुमारास भाताची कापणी-मळणी असते. आसपासच्या गावांतून येणाऱ्या कित्येक कामगारांचा एक पाय अजून शेतात असतो, तेव्हा रविवारी त्यांना बोलावणं म्हणजे खळ्यावरून उठवून आणणं. १८ डिसेंबरला गुरू घासीदास जयंती. सतनामी समाजाचा हा सर्वांत मोठा दिवस, आणि प्लांटमध्ये सतनामी कामगार मोठ्या संख्येने आहेत. बाहेरून आलेले अधिकारी ही तारीख हमखास विसरतात. मग नाताळ, मग एकतीस डिसेंबर, मग सव्वीस जानेवारी. फेब्रुवारी उजाडला की मार्चअखेरच्या उत्पादनाचे आकडे मानेवर बसतात आणि रजेचा अर्ज पुढे करायला माणूस कचरतो. हिशेब केला तर हाती सहा-सात रविवार उरतात. त्यातही रविवार म्हणजे सुट्टी हे जनरल शिफ्टवाल्यांचं गणित. पाळीतल्या माणसाची साप्ताहिक सुट्टी मंगळवारीही असू शकते.

गंमत म्हणजे भिलाईचे स्वतःचे दोन मोठे दिवसही थंडीच्या शेपटालाच येतात. सोव्हिएत संघाबरोबर कारखान्याचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. मधल्या चार वर्षांत दुर्ग जिल्ह्यातल्या भाताच्या शेतांवर जे उभं राहिलं, ते कुणी रस्सीखेच खेळवून उभं केलं नव्हतं. रशियन अभियंता, मल्याळी फोरमन, पंजाबी फिटर, तेलुगू वेल्डर, छत्तीसगढी रेजा (मजूर बायका) आणि कुली. मधे दुभाष्या, आणि दुभाष्या नसेल तेव्हा हातवारे. एकमेकांची भाषा न येणाऱ्यांचा संघ कामानेच बांधला. १९७२ साली मैत्रीबाग झाली ती या दोस्तीची खूण म्हणून, आणि आज त्याच बागेत खात्याखात्यांच्या पिकनिका होतात. संघभावना पिकनिकमुळे येते असं मानणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. इथे आधी काम झालं, बाग नंतर आली.

आणि तसं पाहिलं तर एकत्र बाहेर जाऊन जेवणं ही काही व्यवस्थापनशास्त्राने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. कार्तिकातल्या आवळा नवमीला झाडाखाली पंगत बसवण्याची चाल महाराष्ट्रात आहे तशी छत्तीसगढातही आहे. पौष पौर्णिमेला इथे छेरछेरा असतो. नवं धान कोठीत आलेलं असतं, पोरांचे आणि मोठ्यांचेही घोळके दारोदार जाऊन धान मागतात, मागण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मालगुजाराच्या पोरालाही टोपली घ्यावी लागे. हुद्दा एक दिवस बाजूला ठेवायचा तो कसा, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. जपानी कचेऱ्यांत डिसेंबरात ‘बोनेनकाय’ होतं, म्हणजे सरतं वर्ष विसरण्याची मेजवानी. तिथेही एका रात्रीपुरता साहेब आणि कारकून यांतला फरक सैल होतो म्हणतात. छेरछेऱ्याला मात्र सैल होण्यासाठी साकेची गरज पडत नाही.

विदर्भातून भिलाईला आलेल्यांच्या हिवाळ्याचा खरा पदार्थ म्हणजे रोडगे. कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा आर, वर राखेची ऊब, आणि बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण भिलाईत रोडग्याला भावंडं भेटली आहेत. बिहारी सहकारी त्याच कणकेत सत्तू भरून लिट्टी करतो आणि वांगं भाजून चोखा. राजस्थानकडच्याची बाटी. छत्तीसगढी माणूस तांदळाच्या पिठाची अंगाकर रोटी पानांत गुंडाळून निखाऱ्यावर ठेवतो. चौघांची आजी एकच होती की काय असं वाटावं, इतका हा प्रकार सारखा. आता कल्पना करा, खात्याने आचारी न बोलावता एका मोकळ्या जागी हे चार आर लावले. कुणीतरी गोवऱ्या रचणार, कुणी कणीक तिंबणार, कुणी वांगी भाजणार, आणि राखेतून गोळा कधी काढायचा हे सांगणारा एक अनुभवी म्हातारा प्रत्येक आराशी असणार. तो म्हातारा हुद्द्याने बहुधा सगळ्यांत खालचा असतो. त्या दोन तासांपुरता डीजीएम त्याला विचारून गोळा उलटतो.

संशोधनाचा रोखही, शब्द कोरडे असले तरी, याच दिशेला आहे. २००९ साली कॅमेरॉन क्लाइन, एदुआर्दो सालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीम बिल्डिंगवरच्या तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या उपक्रमांत माणसं मिळून उद्दिष्ट ठरवतात किंवा कुणाचं काम कोणतं हे स्पष्ट करून घेतात, त्यांचा परिणाम जास्त दिसला. याच सालासच्या १९९९ च्या आढाव्यात तर एकंदर टीम बिल्डिंगने कामगिरीवर फारसा फरक पडल्याचं आढळलंच नव्हतं. भूमिका स्पष्ट करण्याचा भाग तेवढा कामाचा ठरला होता. म्हणजे डोळे बांधून मागे पडायचं आणि सहकारी झेलतील असा विश्वास ठेवायचा, ही जी शहरी रिसॉर्टांमधली कवायत आहे, तिच्यापेक्षा रोडग्यांचा आर बरा. झेलणाऱ्यावर विश्वास बसला की नाही, हे तसंही सोमवारी क्रेनखाली कळतं.

एकत्र जेवण्याबद्दलही एक अभ्यास आहे. केविन निफिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या केंद्रांत जवान मिळून स्वयंपाक करून जेवतात, तिथली कामगिरीही चांगली असल्याचं अधिकाऱ्यांनी नोंदवलं. काही जवान घरचं जेवण चुकवायचं नाही आणि केंद्रातलंही नाकारायचं नाही म्हणून चक्क दोनदा जेवत. भिलाईच्या कुठल्याही शॉपमध्ये डबे उघडायच्या वेळी डोकावलात तर हे समजायला अमेरिकेचा दाखला लागत नाही. कंपनीने पैसे टाकण्याआधीपासून ही टीम बिल्डिंग रोज, फुकट चालू आहे. कायद्यालाही जेवणाचं महत्त्व कळलेलं होतं; १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृहाची तरतूद केली. फक्त तिथे साहेबांसाठी वेगळं टेबल नको, एवढं कायद्यात लिहायचं राहिलं.

खेळांचा विषय मी लवकर उरकणार होतो, पण रस्सीखेचीबद्दल एक सांगायलाच हवं. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह या ठिकाणी अकरा-बारा वर्षांच्या मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट पाडले, त्यांच्यात सामने लावले, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर मुलांनी एकमेकांना अन्न फेकून मारलं. वैर ओसरलं ते दोन्ही गटांना मिळूनच सुटेल अशी अडचण आली तेव्हा. पाण्याचा पुरवठा बंद पडला; जेवण आणायला निघालेला ट्रक ‘नादुरुस्त’ झाला, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर त्याला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. दोर तोच होता.

म्हणून ‘रेल मिल विरुद्ध प्लेट मिल’ किंवा, त्याहून वाईट, ‘मेंटेनन्स विरुद्ध ऑपरेशन’ असे संघ पाडून सामने लावणाऱ्या संयोजकांना माझी विनंती आहे. ऑपरेशनवाल्यांनी यंत्र मोडलं आणि मेंटेनन्सवाल्यांनी वेळेत जोडलं नाही, हे भांडण वर्षभर चालतंच. त्याला मैदानावर आणून चषक कशाला द्यायचा? चिठ्ठ्या टाकून मिसळून संघ पाडा. खेळ इथलेच घ्या. २०२२ मध्ये राज्य सरकारने छत्तीसगढिया ऑलिंपिक भरवलं, तेव्हा लंगडी, पिठ्ठूल (आपली लगोरी), साखळी असे खेळ पुन्हा मैदानावर आले आणि चाळिशीपुढच्यांचा वेगळा गटही होता. गुडघेदुखीवाल्या फोरमनलाही लगोरीचा चेंडू नेम धरून मारता येतो. खो-खो मात्र पन्नाशीपुढच्यांना देऊ नये. एका सहलीत मी स्वतः पाटीवरून उठताना घोटा मुरगळून घेतला होता आणि पुढचे तीन आठवडे खात्याची एकजूट मला लिफ्टपर्यंत पोचवण्यात खर्ची पडली.

कामातूनच खेळ निघू शकतो याचं जुनं उदाहरण आपल्याकडे आहे, ते म्हणजे गुणवत्ता मंडळं, कामगारांच्या तोंडी ‘क्यूसी’. जपानात १९६२ पासून रुजलेली ही पद्धत भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. सहा-आठ कामगार आपल्याच यंत्राची एखादी कटकट निवडतात, मोजमापं घेतात, उपाय शोधतात, आणि मग अधिवेशनात फळ्यावर मांडतात. राष्ट्रीय अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं. ज्याने आयुष्यात कधी माईक हातात धरला नाही तो ऑपरेटर परक्या शहरात शे-दोनशे लोकांपुढे बोलून येतो, आणि परतीच्या गाडीत त्या सहा जणांचं जे होतं ते कुठल्याही रिसॉर्टमध्ये होत नाही. अर्थात जिथे हे मंडळ नुसतं साहेबाच्या अहवालासाठी चालतं, तिथे त्याची कवायत होते. तशीही मंडळं पुष्कळ आहेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी भिलाईत वर्षानुवर्षं राहून अभ्यास केला. ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे त्यांचं पुस्तक २०२० मध्ये आलं. त्यांच्या मांडणीच्या गाभ्याशी भिलाईच्या बोलीतलेच दोन शब्द आहेत, नौकरी आणि काम. बीएसपीच्या, म्हणजे भिलाई स्टील प्लांटच्या, कायम कामगाराकडे ‘नौकरी’ असते: क्वार्टर, सेक्टर ९ चं हॉस्पिटल, पोरांना शाळा, निवृत्तीनंतरची शाश्वती. ठेक्यावरच्या माणसाकडे नुसतं ‘काम’ असतं, आज आहे आणि उद्याचं ठेकेदार जाणे. दोघे एकाच भट्टीपुढे घाम गाळतात. पिकनिकच्या यादीत मात्र एकाचंच नाव असतं.

हा प्रश्न भिलाईला नवा नाही. शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये कारखान्याच्याच दल्ली-राजहराच्या लोहखाणींतल्या ठेका मजुरांची संघटना बांधली. तिने १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. त्या संघटनेचा हिवाळी मेळावाही होता: १८५७ च्या डिसेंबरात रायपूरला फाशी गेलेल्या वीर नारायण सिंहांचा स्मृतिदिन. गावोगावचे मजूर बायकापोरांसह येत, मिरवणूक निघे, नाटकं-गाणी होत. त्याला टीम बिल्डिंग म्हटलं असतं तर नियोगी हसले असते. पण मालकाच्या पैशाशिवाय आणि मालकाच्या मनाविरुद्ध माणसं कशी एकत्र बांधली जातात, याचं या मुलखातलं ते सर्वांत भक्कम उदाहरण आहे, आणि या विषयाच्या आढाव्यात ते गाळणं अप्रामाणिकपणा होईल.

ठेका मजुराला पिकनिकला नेलं की त्याचे हक्क मिळाले असं होत नाही, हे मला कळतं. उलट, वर्षाकाठी एक जेवण घालून बाकीचं विसरण्याची सोयही होते. पण न नेण्याचं समर्थन मला कुठेच सापडत नाही. खर्चाचं कारण सांगतात ते खोटं असतं. माणशी जेवणाचा खर्च टी-शर्ट आणि चषकांपेक्षा कमी असतो. अडचण खरी आहे ती दुसरीच. त्या दिवसाची त्याची रोजी बुडते. ती ठेकेदाराने द्यायची की खात्याने, हे आधी ठरवून लेखी घ्यावं लागतं. ज्या खात्यात एवढं ठरवायची तयारी आहे, त्याच्या पिकनिकला मी खुशाल टीम बिल्डिंग म्हणेन.

आणि हा भावनेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. १२ जून २०१४ रोजी प्लांटमध्ये वायुगळती होऊन सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनवर भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसं दगावली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसच्या भागात एकट्याने जायचं नाही, जोडीदार हवाच, हा नियम सर्वांना पाठ असतो; पण जोडीदाराचं नाव माहीत नसेल आणि त्याला ‘मागे फिर’ असं ओरडून सांगायची हिंमत नसेल, तर तो नियम भिंतीवरच राहतो. ठेक्यावरचा नवा पोरगा साहेबाला ‘सर, थांबा’ म्हणू शकतो का, हे ज्या हिवाळी उपक्रमातून थोडंफार साधेल तोच खरा. राखेतला गोळा ‘अजून नको, कच्चा आहे’ असं साहेबाला सांगण्याची सवय तिथे कामी येते.

सहलीतल्या सुरक्षिततेकडे आपण किती हलकेपणाने पाहतो, यासाठी एक जुनी गोष्ट. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘हॉथॉर्न प्रयोग’ हमखास असतात: शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ पासून झालेले, कामगारांकडे लक्ष दिलं की त्यांचं काम बदलतं असं ज्यांतून सांगितलं गेलं ते. त्याच कंपनीच्या कामगारांची वार्षिक सहल २४ जुलै १९१५ रोजी निघाली होती. ‘ईस्टलँड’ नावाच्या बोटीवर अडीच हजारांवर माणसं चढली आणि बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. ८४४ जण बुडाले. टायटॅनिकनंतरच्या नियमांमुळे चढवलेल्या जादा जीवनौकांनी ती वरून आणखी जड झाली होती. हे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गात कुणी शिकवत नाही. गंगरेल किंवा तांदुळा धरणावर जाणाऱ्या प्रत्येक खात्याच्या संयोजकाने मात्र ते वाचावं, आणि लाइफ जॅकेट नसेल तर पोरांना नावेत चढू देऊ नये. धरणाच्या काठी बाटली उघडणाऱ्या मंडळींबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागणारी जागा आणि मालकाने दिलेलं वाहन हेही कामाचं ठिकाणच धरलं आहे. पिकनिकची बस म्हणजे ऑफिसच. तरी बसमधल्या अंताक्षरीत काय काय गायलं जातं ते सर्वांना ठाऊक आहे. शिवाय पिकनिक संध्याकाळी लांबली की घरी स्वयंपाक कुणाला करायचा असतो, हेही. बायका लवकर निघतात याचा अर्थ त्यांना रस नसतो असा काढू नये. आणि ज्याला यायचंच नाही त्याला ‘मी येत नाही’ असं म्हणता यावं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, एका सल्लागार कंपनीतल्या माणसाला तिथल्या मौजमजेत सामील न झाल्यावरून काढता येणार नाही, असा निकाल दिला. आपल्याकडे नोकरी जात नाही, पण ‘तो जरा वेगळाच आहे’ हा शेरा चिकटतो.

जागेबद्दल थोडक्यात. लांबची जागा जितकी देखणी, तितकी पाळीवाल्यांना निरुपयोगी. गंगरेलला जायला-यायलाच दिवस जातो. बालोदकडचं सियादेवी सुंदर आहे, पण बी शिफ्टला दोन वाजता गेटवर हजर व्हायचं असेल तर त्याचा उपयोग नाही. गिधवा-परसदाच्या तलावांवर हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात. मोजक्या दहा-बारा जणांसाठी ती जागा उत्तम, आणि गप्प बसायला लावणारी. पण सर्वांसाठी म्हणाल तर मैत्रीबाग किंवा मरोदा तलावाच्या बाजूचं मैदानच बरं. सायकलवर येता येतं. सकाळी नऊला आर पेटवला तर बी शिफ्टवाले जेवून ड्यूटीला जातात, दोननंतर ए शिफ्टवाले अंघोळ करून येतात, आणि रात्रपाळी झोप काढून संध्याकाळी. एकच दिवस, तीन पंगती. संक्रांतीचा आठवडा निवडला तर आणखी बरं: लोहडी, पोंगल, बिहू, संक्रांत सगळं त्या चार दिवसांत असतं, प्रत्येक घरून काही ना काही गोड येतं, आणि आचाऱ्याचं बिल निम्मं होतं. तिळगुळाच्या निमित्ताने ऑपरेशन आणि मेंटेनन्सवाल्यांचीही दोन शब्द गोड बोलायची सोय होते.

तरी काही जण राहतातच: ए शिफ्टमधून ज्याला सोडता आलं नाही तो, डबल ड्यूटीला थांबवलेला, बदली न मिळालेला कंट्रोल रूमचा ऑपरेटर. त्यांच्यासाठी रोडगे वेगळे काढून केळीच्या पानात बांधायचे, वांग्याची भाजी स्टीलच्या डब्यात भरायची, आणि तूप वेगळं, कारण थंडीत ते गोठतं. रात्री दहाला सी शिफ्ट आत जाते तेव्हा तिच्याबरोबर डबे जातात. डब्यांवर नावं घालायला विसरू नये, ठेक्यावरच्यांचीसुद्धा.